आधी रबर

जुनी गाडी खडखडायला लागली की जळगावात, धुळ्यात, शहाद्यात, कुठल्याही गॅरेजवर एक वाक्य हमखास कानी पडतं: "भाऊ, शॉकअप गेले तुमचे." चार शॉकअपचा हिशेब होतो, आकडा ऐकून मालक म्हणतो, "राहू द्या, कापूस विकला की बघू," आणि गाडी तशीच आणखी दहा हजार किलोमीटर खडखडत राहते. ते वाक्य खोटं नसतं, पण बहुतेक वेळा अर्धं असतं. शॉकअप संपतात हे खरं. पण संपलेला शॉकअप सहसा आवाज करत नाही, तो मुकाट्याने संपतो. आवाज येतो तो त्याच्या आजूबाजूच्या फाटलेल्या, वाळलेल्या, चेपलेल्या रबराचा. आणि सस्पेन्शनमध्ये सगळ्यात स्वस्त वस्तू कुठली असेल तर ती हे रबर.

हे सगळं साध्या गाड्यांबद्दल आहे. एमएच १९, एमएच १८ नाहीतर एमएच ३९ पाटीच्या, दहा-पंधरा वर्षं झालेल्या, लाखाच्या पुढे धावलेल्या अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, इंडिका. इंजिन अजून ठणठणीत असतं, पण रस्ता जरा खराब लागला की मागे बसलेली आजी दाराची मूठ धरते. पंधरा वर्षं झाली की पुनर्नोंदणीसाठी गाडी आरटीओला न्यावी लागते आणि तेव्हा घरात प्रश्न निघतो: हिच्यात आता पैसे घालायचे की नाही? सगळंच नवं टाकायचं म्हटलं तर घरातली माणसं नको म्हणतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. पण सगळं नवं टाकायची गरजच नसते. क्रम बरोबर लागला तर थोडक्या पैशात गाडी पुन्हा जमिनीला धरून चालते.

क्रम लावायचा तर आधी कोण काय करतं हे नीट कळलं पाहिजे. गाडीचं वजन पेलते स्प्रिंग. शॉकअप वजन पेलत नाही, तो स्प्रिंगला आवरतो. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लिंबाच्या फांदीला झोका बांधतात. एकदा जोर दिला की तो आपोआप थांबत नाही, कुणीतरी दोरी धरावी लागते. ते दोरी धरण्याचं काम शॉकअपचं. त्याच्या नळीत तेल असतं. दांडा खाली-वर झाला की ते तेल बारीक भोकांतून आणि झडपांतून जबरदस्तीने ढकललं जातं आणि हिसक्याचा जोर उष्णतेत जिरतो. आणि जिथे लोखंड लोखंडाला भेटतं अशा प्रत्येक ठिकाणी मध्ये रबर असतं, त्यालाच बुश म्हणतात: लोअर आर्मचे (चाकाला खालून सांगाड्याशी जोडणारा दांडा) बुश, स्टॅबिलायझर बारचे (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी आडवी दांडी) बुश, त्या बारच्या टोकाचा लिंक रॉड, शॉकअपच्या डोक्यावरचं माउंटिंग, मागच्या आर्मचे बुश. चाकाने कुठे राहायचं हे ठरवतात आर्म आणि बार, आणि त्यांना जागेवर धरून ठेवतं ते रबर. पुढच्या चाकाची आजची रचना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४० च्या दशकात बसवली. शॉकअप, स्प्रिंग आणि चाकाचा वरचा आधार त्याने एकाच खांबात घातला. स्वस्त, आटोपशीर. आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या लहान गाड्यांच्या पुढच्या बाजूला तोच खांब आहे. म्हणून पुढचा शॉकअप बदलणं हे मागचा बदलण्यापेक्षा कितीतरी मोठं आणि धोक्याचं काम. त्याकडे नंतर येऊ.

आता रस्ता. तापीच्या दोन्ही काठांची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर टाकलेला डांबरी रस्ता दोन-तीन वर्षांत लाटांसारखा होतो. वरून गुळगुळीत, खड्डा एक नाही, आणि तरी सत्तरच्या वेगाला गाडी होडीसारखी हलते. आणि दुसरा प्रकार खड्ड्यांचा: अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर असं पावसाळ्यानंतर कधी गेलं असाल तर वेगळं सांगायला नको. हे दोन रस्ते गाडीतल्या दोन वेगळ्या गोष्टी तपासतात. लाट शॉकअप तपासते, खड्डा रबर तपासतो. लाटेवरून गेल्यावर गाडी एकदा वर येऊन बसली तर शॉकअप जिवंत आहे. दोनदा-तीनदा डुलली तर त्याचं आवरण्याचं काम संपलंय. लाटेवर शांत असलेली गाडी बारीक खडीवर टकटक करत असेल, तर शॉकअपचे पैसे खिशातच ठेवा.

एवढी एक कसोटी कळली तरी अर्धं निदान घरी होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी एक जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड), एक लांब टोमी (रेटायची लोखंडी पहार), टॉर्च आणि अर्धा तास लागतो.

आवाजाला वेळ आणि जागा असते, ती टिपून ठेवावी. गल्लीतल्या दगडगोट्यांवर, वीसच्या आतल्या वेगाला, सतत बारीक टकटक: बहुधा लिंक रॉड किंवा स्टॅबिलायझर बारचे बुश. खात्री करायची तर गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम घाला, मग एकच चाक घाला. दोन्ही चाकं एकत्र चढताना बार पिळला जात नाही, एकच चढलं की पिळतो. आवाज फक्त एका चाकाच्या वेळी येत असेल तर बोट तिकडेच जातं. ब्रेक दाबताना एकदाच "टक", आणि सोडताना परत एकदा: लोअर आर्मचा बुश. तो फाटला की ब्रेकच्या जोराने चाक मागे सरकतं आणि सुटलं की पुढे येतं. मारुती ८०० सारख्या जुन्या रचनेत तर स्टॅबिलायझर बारच लोअर आर्मला पुढून धरून असतो. तिथला रबराचा छल्ला संपला की हाच आवाज येतो, आणि तो छल्ला अगदी किरकोळ किमतीचा असतो. उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवताना बॉनेटखाली कडकड आणि मध्येच स्प्रिंगचा टणकार: माउंटिंगचं बेअरिंग. मोठ्या खड्ड्यात धाडकन एकच ठोका: शॉकअप शेवटापर्यंत दबतोय, आतला बंप स्टॉपर (शेवटचा ठोका झेलणारा रबरी ठोकळा) भुगा झालाय. वळताना ओळीने कट-कट-कट आला तर तो सस्पेन्शनचा नाहीच, ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा) आहे. चुकीच्या जागी पैसे जातात ते बहुधा इथेच.

मग चाक उचलून हाताने हलवायचं. घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं आणि चाक खेळलं तर टाय रॉड एन्ड किंवा रॅक एन्ड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचे सांधे). बारा आणि सहाच्या जागी खेळलं तर बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि चाक यांमधला गोल सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग. त्या दोघांतला फरक सोपा आहे: दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. बॉल जॉइंटचं रबरी टोपरं फाटलेलं दिसलं तर अजून खेळ नसला तरी त्याचे दिवस भरले समजा. एका पावसाळ्याचा चिखल आत गेला की ग्रीस पार खराब होतं. आणि बॉल जॉइंट हा भाग असा, की त्यात पैसे नाहीत म्हणून थांबायचं नाही. तो निसटला तर चाक गाडीखाली दुमडतं. बुश आणि शॉकअप पुढच्या महिन्यावर ढकलता येतात, हा नाही; खेळणारा टाय रॉड एन्ड आणि चाकाचं बेअरिंगही नाही.

बुश तपासताना टोमी आर्म आणि क्रॉसमेंबर (सांगाड्याचा आडवा तुकडा) यांच्या मध्ये घालून हळू रेटायची. रबरावर वरवरच्या बारीक भेगा दिसतात. खान्देशातल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात दहा वर्षं काढलेल्या रबरावर त्या असणारच, त्यांनी घाबरू नये. पाहायचं ते हे, की रबर आतल्या लोखंडी नळीपासून सुटलंय का. टोमीने रेटल्यावर रबर ताणलं जातं आणि सोडल्यावर परत येतं, तर बुश जिवंत आहे. रबर जागेवर आणि आर्म वेगळाच हलला, मध्ये चीर उघडली, तर गेला.

शॉकअपसाठी बॉनेट दाबून सोडायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. तिच्यावर फार विसंबू नये. बुश कडक झालेले असले की मेलेला शॉकअपही त्या परीक्षेत पास होतो. त्यापेक्षा तीन गोष्टी बघा. एक, नळीवर तेल. नुसता धूळ चिकटलेला ओलसर पट्टा असेल तर चालतं, तेल ओघळून खालच्या कपापर्यंत (स्प्रिंग बसते ती वाटी) आलं असेल तर नाही. दोन, टायर. कडेला हात फिरवल्यावर उंच-खोल, उंच-खोल असे खळगे लागले तर चाक रस्त्यावर उड्या मारत चाललंय. तीन, आणि ही मला सगळ्यात विश्वासाची वाटते: सकाळच्या गारव्यात दहा-बारा किलोमीटर खराब रस्त्यावर गाडी चालवून थांबा आणि लगेच चारही शॉकअपच्या नळ्यांना हात लावा. काम करणारा शॉकअप कोमट असतो, कारण हिसके त्याने उष्णतेत जिरवलेले असतात. जोडीदार कोमट आणि एक गार, तर तो गार काहीच करत नाहीये. मे महिन्यात दुपारी ही परीक्षा करू नका, सगळंच तापलेलं असतं.

या सगळ्याच्याही आधी टायरमधली हवा. सकाळी, गाडी चालवण्याआधी, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढी. चार-पाच पौंड जास्त हवा भरून फिरणाऱ्या गाड्या इतक्या आहेत, की अर्ध्या "कडक सस्पेन्शन"च्या तक्रारी हवेच्या पंपावरच मिटतील. टायरच्या कडेवरचा चार आकड्यांचा कोडही वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शिल्लक असली तरी आठ-दहा वर्षांचं टायर लाकडासारखं होतं आणि त्याचा हिसका कुठलाच शॉकअप झाकू शकत नाही.

निदान झालं की पैशांचा क्रम आपोआप दिसतो. बुश आणि लिंक रॉडचा हिशेब शेकड्यांत असतो, शॉकअपचा हजारांत. बुश, लिंक रॉड, बारचे रबर हे आधी, शक्य तर एकाच बैठकीत. शॉकअप संपले असतील तर नंतर, पण जोडीने: पुढचे दोन किंवा मागचे दोन. एक नवा आणि एक जुना घातला तर गाडी ब्रेकला आणि वळणाला एका अंगाला झुकते. स्प्रिंगा बहुतेक वेळा बदलाव्याच लागत नाहीत. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, एकदाच. फाटलेल्या बुशवर केलेलं अलाइनमेंट गेटबाहेर पडताना पहिल्या ब्रेकलाच बदलतं. ते पैसे वाया.

आता ज्या एका गोष्टीसाठी हे सगळं लिहावंसं वाटलं ती. नवा बुश सहा महिन्यांत फाटतो आणि लोक म्हणतात माल डुप्लिकेट निघाला. कधी तसं असतंही. पण बरेचदा बुश चांगला असतो आणि मरतो तो आवळण्याच्या पद्धतीने.

एक बुश तळहातावर घेऊन बघा. बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी, मध्ये रबर, आणि ते रबर दोन्हीला कारखान्यातच चिकटवलेलं. बोल्ट आवळला की आतली नळी गाडीच्या सांगाड्याला गच्च धरली जाते, ती फिरत नाही. बाहेरचं कडं आर्ममध्ये दाबून बसवलेलं, ते आर्मबरोबर फिरतं. म्हणजे चाक वर-खाली होताना काहीही घसरत नाही; मधलं रबर पिळलं जातं आणि परत येतं. कपडा पिळून सोडावा तसं, दिवसातून हजारो वेळा. आता गाडी जॅकवर आहे, चाकं लोंबकळताहेत, आर्म खाली झुकलाय. मिस्तरीने त्याच स्थितीत बोल्ट गच्च आवळला. त्या क्षणी रबराला वाटतं, माझी आरामाची जागा ही. मग गाडी खाली उतरते, आर्म वर येतो, आणि रबर गाडी उभी असतानाच पिळलेलं राहतं. रात्रभर अंगणात उभी असतानाही. त्यावर खड्डा आला की ते आणखी त्याच दिशेला पिळतं, आणि एका दिवशी नळीपासून सुटतं.

उपाय फुकट आहे. जॅकवर असताना बोल्ट नुसता हाताने, फार तर पान्याने हलका बसवायचा. चाक लावायचं, गाडी चारही चाकांवर उतरवायची, पुढून-मागून दोन-चार वेळा दाबून हलवायची, किंवा दहा फूट पुढे-मागे घ्यायची, म्हणजे ती आपल्या उंचीवर बसते. मग खाली शिरून शेवटचा आवळा द्यायचा. खाली जागा नसेल तर पुढची दोन्ही चाकं सारख्या जाडीच्या भक्कम फळ्यांवर चढवा आणि मागच्या चाकांना दगड लावा. वॉशिंग सेंटरचा रॅम्प मिळाला तर उत्तम. मागच्या आर्मच्या बुशलाही हाच नियम. गॅरेजवर काम करून घेत असाल तर तिथे उभं राहून एवढं एकच सांगा: "दादा, बुशचे बोल्ट गाडी खाली उतरवल्यावर आवळा." चांगला मिस्तरी हे ऐकून रागावत नाही.

बुश बसवतानाही दोन चुका होतात. पहिली, घणाने ठोकणं. कडं वाकडं बसतं, रबर एका बाजूने चेपतं. लेथवाल्याकडे किंवा ज्याच्याकडे हायड्रॉलिक प्रेस आहे त्याच्याकडे आर्म न्या, थोडक्या पैशात दोन्ही बुश निघून नवे बसतात. दुसरी, दिशा. मोठ्या बुशमध्ये रबराला मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात, कुठल्या दिशेने मऊ आणि कुठल्या दिशेने कडक हे त्या ठरवतात. जुना बुश काढण्याआधी पोकळ्या कुठे आहेत त्याची आर्मवर खडूने खूण करा, शक्य तर मोबाइलवर फोटोही. आणि घालताना ऑइल किंवा ग्रीस लावू नका, रबर फुगून मऊ पडतं. साबणाचं पाणी पुरतं. काही गाड्यांना बॉल जॉइंट आणि बुश बसवलेला पूर्ण लोअर आर्म मिळतो. बुश, बॉल जॉइंट आणि प्रेसची मजुरी यांची बेरीज त्याच्या जवळपास जात असेल तर सरळ पूर्ण आर्म घ्या.

खान्देशच्या कोरड्या हवेचा एक फायदा मात्र मानला पाहिजे. कोकणातल्या गाडीचे हेच बोल्ट गंजून तुटून निघतात. इथे आदल्या रात्री जरा डब्ल्यूडी-४० मारून ठेवलं की सकाळी गोटी पान्याला सुटतात.

मागचे शॉकअप हे घरी करण्यासारखं काम आहे. अल्टो, वॅगनआरसारख्या गाड्यांत मागचा ॲक्सल अखंड असतो, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. पुढच्या चाकांना दगड, मागून सांगाड्याखाली घोड्या, आणि ॲक्सलखाली जॅक. तो जॅक विसरू नका: शॉकअप काढला की ॲक्सल खाली लोंबतो आणि त्याचं वजन ब्रेकच्या रबरी नळीवर येतं, स्प्रिंगही जागची निसटू शकते. खालचा बोल्ट, वरचा नट, जुना बाहेर, नवा आत. नवा शॉकअप लावण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून ओढायचा. आडवा पडून राहिल्याने नळीत हवा शिरलेली असते, ती न काढता लावला तर पहिले काही दिवस तो पोकळ वागतो. मागची बाजू वळणावर शेपटासारखी हलत असेल तर शॉकअपच्या आधी लॅटरल रॉडचे दोन बुश बघा. ॲक्सलला आडवं धरून ठेवणारी ती एकच काठी आहे.

पुढचा खांब मात्र घरी उघडू नका, असंच स्पष्ट सांगतो. खांब गाडीतून बाहेर काढणं अवघड नाही. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल, मग जॅक आणि घोडी, ब्रेकच्या नळीची क्लिप सोडवा, खालचे दोन बोल्ट काढण्याआधी त्यांच्या जागेची खूण करा, कारण काही गाड्यांत तिथे चाकाचा कल बदलतो. कॅलिपर (ब्रेकची पकड) नळीवर लोंबू देऊ नका, तारेने बांधा. वरचे बाजूचे नट सोडले की खांब हातात येतो. धोका आहे तो मधल्या नटमध्ये. तो स्प्रिंगला दाबून धरतो, आणि त्या स्प्रिंगमध्ये दोन-अडीचशे किलोंचा जोर कोंडलेला असतो. स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार) न लावता तो नट सोडला तर माउंटिंग बंदुकीच्या गोळीसारखं उडतं. दोरी किंवा तार गुंडाळून काम करणारे लोक दिसतात. तिथून काम न करता परत या. ज्याच्याकडे स्प्रिंग कॉम्प्रेसर आहे, समोरासमोर दोन हुक लावून आळीपाळीने थोडं-थोडं आवळतो, त्याच्याकडेच खांब न्या. काही गाड्यांत वर एकाखाली एक असे दोन मोठे नट असतात. कुठला आधी सोडायचा हे माहीत नसेल तर गाडीवरही त्याला हात लावू नये.

तिथे उभं राहून मात्र बघावं. नव्या शॉकअपचा चकचकीत दांडा पकडीने किंवा व्हाइस ग्रिपने धरला तर लगेच थांबवा. त्या क्रोमवर पडलेला एक ओरखडा प्रत्येक हिसक्याला सील कापत जातो आणि सहा महिन्यांत तेल बाहेर. स्प्रिंगचं खालचं टोक कपातल्या पायरीला टेकून बसलंय ना हे बघा, नाहीतर आठवड्याभरात टणकार सुरू होतो. आणि एकदा खांब उघडलाच आहे तर माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉपर आणि धुळीचं रबरी आवरण चारही नवं घाला, कारण मजुरी तीच असते आणि उद्या फक्त बेअरिंगसाठी हे सगळं परत उघडावं लागेल. धुळीचं आवरण सगळे सोडून देतात. आपल्याकडे उन्हाळ्यात शेतरस्त्यावर जी पिठासारखी धूळ उडते ती उघड्या दांड्यावर बसते आणि सीलला कानस लावल्यासारखी खाते. खान्देशात शॉकअपचं आयुष्य त्या पातळ रबरी नळीवर फार अवलंबून आहे.

काही स्वस्त उपाय असे आहेत की ते करण्यापेक्षा काहीच न करणं बरं. जुन्या शॉकअपला भोक पाडून तेल भरून वेल्डिंग मारून "रिपेअर" करून देतात. आत बहुधा इंजिन ऑइल भरतात. ते शॉकअपच्या तेलापेक्षा घट्ट असतं, म्हणून पहिल्या दिवशी गाडी छान कडक वाटते. घासलेली झडप आणि घासलेलं सील तसंच असतं, आणि गॅसचे शॉकअप असतील तर तेलाला फेस येऊ न देणारा नायट्रोजन भोक पाडतानाच निघून गेलेला असतो. दुसरा, स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे रबरी बफर. गाडी उचलली जाते, खाली लागायची थांबते. पण तो एक वेढा काम करेनासा होतो, त्याचा भार शेजारच्या वेढ्यांवर जातो, आणि बफर जिथे घासतो तिथला रंग जाऊन गंज धरतो. पुढे स्प्रिंग तिथेच तुटते. तिसरा, लेथवर घडवलेले नायलॉनचे बुश. झिजत नाहीत हे खरं, पण ते पिळतही नाहीत. सगळा हिसका सांगाड्यावर जातो.

गाडी खरंच बसली असेल तर आधी मोजा. पेट्रोल पंपासारख्या सपाट काँक्रीटवर, रिकाम्या गाडीत, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने. डाव्या-उजव्यात एक सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर स्प्रिंगचा खालचा वेढा बघा. चिखल साचून तो बरेचदा कपाच्या आतच तुटलेला असतो आणि बाहेरून दिसत नाही. स्प्रिंग जुनी झाली म्हणून मऊ होत नाही. पोलादाचा कडकपणा तोच राहतो, तिची लांबी कमी होते. मागे सीएनजीची टाकी बसवल्यानंतरच गाडी बसली असेल तर दोष स्प्रिंगचा नाही. तिला टाकीचं वजन सांगितलेलंच नव्हतं. अशा वेळी त्याच मॉडेलच्या सीएनजी गाडीची मागची स्प्रिंग मिळते का ते विचारा. स्प्रिंग ही वस्तू कुर्ल्याच्या भंगार बाजारातली, तपासून घेतलेली, जोडीने घातली तरी चालते. आर्मचं लोखंडही सरळ असेल तर चालतं. रबर आणि शॉकअप जुने घेऊ नयेत.

बोलेरो, ओम्नीच्या मागच्या पाट्यांची, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगची, गोष्ट वेगळी. पाट्याचा कान आणि शॅकल (पाट्याला सांगाड्याशी जोडणारी झुलती कडी) यांतले बुश, आणि मधला सेंटर बोल्ट एवढं आधी बघा. सेंटर बोल्ट तुटला की ॲक्सल सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालते, मागून येणाऱ्याला लगेच दिसते. पाटा सपाट झाला म्हणून भट्टीत लाल करून कमान देऊन घेतात. पुन्हा नीट पाणी आणि ताव दिला नाही तर ती कमान एका हंगामात उतरते. केळीच्या घडांनी भरून चालणाऱ्या गाडीला तर लवकरच. तुटलेला एक पाटा बदलणं जास्त शहाणपणाचं. यू बोल्ट (पाटे ॲक्सलला बांधणारे) आवळल्यानंतर पाचशे किलोमीटरवर पुन्हा एकदा आवळायचे, पाटे बसून ते सैल पडतातच.

लहान गाड्यांनाही हा पाचशे किलोमीटरचा फेरा लावावा. नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, आपोआप सैल न होणारे) परत वापरले नसतील तर काही सैल झालेलं नसतं, पण बघायचं. लोअर आर्मचे बोल्ट, लिंक रॉडचे नट, चाकाचे नट. धुळीचं आवरण वरच्या कपात बसलंय ना, निसटलं नाही ना. मग अलाइनमेंट. मशीनवाल्याकडून आधीचा आणि नंतरचा असा दोन्ही आकड्यांचा कागद मागून घ्यायचा. टो (चाकं पुढून किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) दोन्ही चाकांना सारखा आला पाहिजे आणि स्टिअरिंग सरळ असताना आला पाहिजे. मागचा ॲक्सल अखंड असेल तर तिथे जुळवायला काहीच नसतं, त्याचे पैसे देऊ नयेत. परत येताना काळ्या मातीवरचा तो लाटांचा तुकडा मुद्दाम घ्या, साठच्या वेगाने. गाडी एकदा वर येईल आणि बसेल.